खुर्चीचा सांधा आणि मेहुण्यांचा डिंक

महाराष्ट्रात खुर्चीविषयी जेवढं बोललं जातं तेवढं पावसाविषयीही बोललं जात नसेल. खुर्चीवर कोण बसला, कोणाला उठवलं, कोण उठायलाच तयार नाही, याच्या चर्चेवर आपली वर्तमानपत्रं चालतात. पण ती खुर्ची ज्या सांध्यांवर उभी आहे ते सांधे कसले आहेत, असं विचारणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा ही जबाबदारी मीच घेतो.

आता तुम्ही म्हणाल, तुमचा सुतारकामाशी संबंध काय? मी बी.कॉम. आहे. रंध्याशी माझी ओळख शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापुरती. पण बसण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे. बँकेत कारकून म्हणून वीसएक वर्षं मी रोज सात-आठ तास खुर्चीत काढतो आहे. सरकारी, निमसरकारी, फिरती, न फिरती, फिरू नये तेव्हा फिरणारी, अशा सर्व प्रकारच्या खुर्च्यांशी माझा निकटचा संबंध आला आहे. भाकरीची चव पिठाच्या गिरणीवाल्याला विचारत नाहीत, जेवणाऱ्याला विचारतात. त्या न्यायाने खुर्चीवर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे.

सध्या आमचा मुक्काम कवठे येमाईला. तालुका शिरूर, जिल्हा पुणे. येमाईच्या नावाने ओळखलं जाणारं गाव. आमच्या भाड्याच्या खोलीसमोर एका सुतारतात्यांची पडवी आहे, आणि महिन्यातून एकदा हडपसरहून आमचे मेहुणे येतात. माझ्या विचारांना धार लावण्याचं काम हे दोघं मिळून करतात. तात्या पटाशीला धार लावता लावता, आणि मेहुणे नुसतं तोंड उघडून.

तर माझं म्हणणं आधीच रोखठोक सांगून टाकतो. लाकडात लाकूड शिरवून केलेला सांधा, म्हणजे एका तुकड्याला कुसू आणि दुसऱ्याला भोक, हाच खुर्ची, टेबल आणि पलंग यांचा खरा सांधा. बाकीचे सांधे आपापल्या जागी ठीक आहेत. पण भुशाची दाबलेली फळी, तिला चार स्क्रू आणि दोन फिरक्या, वर सागवानाच्या चित्राचा कागद, आणि हे सगळं ‘फर्निचर’ म्हणून फर्निचरच्या भावाने हप्त्यावर विकायचं, याला मी धंदा म्हणायला तयार नाही. दुसरा शब्द आहे, पण हे पुस्तक घरातली मुलंही वाचतात.

मेहुण्यांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की, “दाजी, हल्लीचा गोंद लाकडापेक्षा मजबूत असतो. लाकूड तुटेल पण जोड तुटणार नाही. कुसू आणि भोक हे आपल्या आजोबांच्या काळात ठीक होतं.” मेहुण्यांचा गोंदावर गाढ विश्वास आहे. हत्तींनी दोन्ही बाजूंनी ओढूनही न सुटणाऱ्या जोडाचं चित्र त्यांनी लहानपणी डब्यावर पाहिलं, तेव्हापासून ते स्वतः विचार करायचे थांबले.

आता गंमत अशी की मेहुणे अर्धं खरं बोलतात, आणि अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार कठीण असतं. 1959 साली आपल्याकडे फेव्हिकॉल आलं आणि घरोघर सरस उकळण्याचा तो वास गेला, हे उपकार मी नाकारत नाही. दोन फळ्या कडेला कड लावून नीट चिकटवल्या आणि वाळल्यावर तोडायला गेलं, तर पुष्कळदा लाकूडच फाटतं आणि जोड तसाच राहतो. हे खरं आहे. पण कडेला कड लावली तर! लाकूड म्हणजे उसाची मोळी समजा. मोळीशेजारी मोळी ठेवून बांधली तर घट्ट बसते. पण एका मोळीच्या कापलेल्या तोंडाला दुसरी मोळी चिकटवून बघा. लाकडाच्या कापलेल्या तोंडाला सगळ्या नळ्या उघड्या असतात. त्या गोंद पिऊन टाकतात आणि धरून ठेवायला काही उरत नाही. आणि खुर्चीत काय असतं? आडवी पट्टी आपलं कापलेलं तोंड घेऊनच उभ्या पायाला भेटते. म्हणजे जिथे गोंद सर्वांत दुबळा तिथेच त्याला सर्वांत जास्त काम.

कुसू नेमकं इथे कामाला येतं. समजा पट्टी दोन इंच रुंद आणि एक इंच जाड आहे. नुसती टेकवून चिकटवली तर गोंदाला मिळतात दोन चौरस इंच, तेही तोंडाकडचे, म्हणजे बुडीत खात्यातले. तिलाच दीड इंच लांबीचं कुसू काढलं, तर त्याच्या दोन्ही गालांचे मिळून सहा चौरस इंच मिळतात आणि तेही कडेचे, म्हणजे वसूल होणारे. जाडीचा नियम सोपा आहे. तीन भाग करायचे, मधल्या भागाचं कुसू, दोन्ही बाजूंना खांदे. आणि मेहुण्यांचा लाडका गोंद याच सांध्यात सर्वांत खूश असतो! तेव्हा गोंद की कुसू, हा वादच खोटा आहे. खरा वाद आहे, कुसू की काहीच नाही.

बाकीच्या सांध्यांचीही थोडक्यात ओळख करून देतो. बँकेतल्या माणसाला समजेल अशीच देणार, इलाज नाही.

टोकाला टोक लावून खिळा ठोकणे, हा रोजंदारीवरचा माणूस. आज आहे, उद्या नाही. तात्या म्हणतात, “साहेब, खिळा म्हंजी पाव्हणा. चार दिस ऱ्हातो आन् जाताना भोक पाडून जातो.” त्याहून वरचा म्हणजे दोन्ही तुकडे अर्धे अर्धे खाचून एकमेकांवर बसवणे. यात दोघंही आपलं अर्धं अर्धं सोडतात आणि एकमेकांच्या भरवशावर राहतात. आमच्या कॅश आणि क्लिअरिंगसारखं. चौकटीला ठीक, पण पिळलं की कुरकुर करतात. मग पारव्याच्या शेपटीसारखा पसरट दात काढून केलेला सांधा. हा खणाच्या तोंडाशी असतो. खण रोज पुढे ओढला जातो आणि शेपटी जितकी ओढावी तितकी अडकते. एकदा वशिल्याने बसलेला साहेब समोरून ओढून निघत नाही, तसं. पण त्या साहेबालाही बाजूने अलगद सरकवलं की तो जसा आला तसा जातो. म्हणून खणाला शेपटी, आणि पायाला कुसू. सांधा मजबूत की दुबळा हे नुसतं विचारून भागत नाही. भार कुठल्या बाजूने येणार, हे आधी विचारावं लागतं.

खुर्चीवर भार कुठून येतो, ते बघा. आपण समजतो वरून येतो. वरचा भार कोणीही सोसतो. खरा भार येतो मागे रेलल्यावर. जेवणानंतर माणूस खुर्चीत मागे रेलतो, पाठीला समजा 30 किलोचा रेटा देतो. पाठीची पट्टी बैठकीपासून 45 सेंटिमीटर वर. बैठकीची बाजूची पट्टी 5 सेंटिमीटर रुंद. ही झाली पहार. 30 गुणिले 45 भागिले 5, म्हणजे 270. मागचे दोन सांधे ते वाटून घेतात, तेव्हा एकेकाच्या वाट्याला ढोबळमानाने 135 किलोची ओढ. एक ढेकर दिली आणि दोन सांध्यांना एकेक धट्टाकट्टा माणूस लोंबकळला! पट्टी 9 सेंटिमीटरची केली की हाच आकडा 75 वर येतो. खाली पायांना जोडणारी आडवी पट्टी दिली की आणखी हलका होतो. आता ही 135 किलोची ओढ भुशाच्या फळीत रुतलेल्या दोन स्क्रूंनी दिवसातून वीस वेळा सोसायची. स्क्रू बिचारा लोखंडाचा आहे, तो तुटत नाही. त्याच्याभोवतीचा भुसा चुरतो, भोक मोठं होतं आणि स्क्रू त्यात निवांत फिरू लागतो.

शिवाय लाकूड हा जिवंत माणसासारखा प्रकार आहे. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. आषाढात खण अडकतो आणि चैत्रात आपोआप सुटतो, ही काही भुताटकी नव्हे. जुन्या सुताराला हे माहीत असल्यामुळे तो दाराच्या चौकटीतली फळी खाचेत नुसती बसवतो. खिळवत नाही, तिला हलायला जागा ठेवतो. सगळीकडून आवळलेली फळी एक दिवस मधोमध चिरते. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना याहून जास्त समजवायला नको. प्लायवूडने या बाबतीत मोठी कामगिरी केली, हेही सांगितलं पाहिजे. एकेक थर आडवा-उभा चिकटवल्यामुळे ते फुगत-आवळत नाही. चांगलं प्लायवूड, नीट काम, कपाटाला, ओट्याखाली, हरकत नाही. माझं भांडण प्लायवूडशी नाही. प्लायवूडचे कपडे घालून आलेल्या भुशाशी आहे.

“पण सोय बघा ना, दाजी! सुटं करून खोक्यात घालून नेता येतं.” हा मेहुण्यांचा दुसरा मुद्दा. कल्पना वाईट नाही. स्वीडनच्या आयकिया कंपनीने 1956 साली टेबलाचे पाय सुटे करून चपट्या खोक्यात विकायला सुरुवात केली आणि जगभर गेली. भाड्याची घरं बदलत हिंडणाऱ्या तरुण जोडप्याला त्याचा उपयोग आहे, हे मीही मानतो. पण सुटं करून पुन्हा जोडता येतं हे ऐकल्यावर आपण समजतो, कितीही वेळा! मेहुण्यांनी एका बड्या दुकानातून असंच एक जेवणाचं टेबल आणलं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा पेढे वाटले. दुसऱ्या घरी जोडलं तेव्हा एक फिरकी नुसतीच फिरू लागली. तिसऱ्या घरी जोडलं तेव्हा फरशी पुसताना पाणी लागून एक पाय साबुदाण्यासारखा फुगला. आता त्या टेबलावर पाहुण्यांना ताटं वाढतात, पण “हात टेकू नका” असं आधी सांगतात. दुरुस्तीला दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “साहेब, दुरुस्ती नसते, नवीन मॉडेल आहे.”

आणि माझ्या मते खरा फरक इथेच आहे. सांध्याची ताकद पहिल्या दिवशी तो किती किलोला तुटतो यावर मोजू नये. विसाव्या वर्षी सैल झाल्यावर तो पुन्हा घट्ट होतो की नाही, यावर मोजावी. कुसू सैल झालं तर पाचर ठोकता येते. खुंटी झिजली तर नवी घालता येते. खुंटीचीही युक्ती आहे. कुसवाचं भोक खांद्याकडे अर्धं सूत सरकवून पाडतात. आठ सुतांचा एक इंच, त्यातलं अर्धं सूत! मग खुंटी ठोकली की ती वाकडी शिरते आणि कुसू आत ओढून घेते. सांधा कायम ताणात. गोंद गेला तरी खुंटी धरून ठेवते. भुशात पडलेल्या भोकाला पाचर नाही, खुंटी नाही, काही नाही. त्यात काड्यापेटीतली काडी आणि गोंद कोंबायचा, आणि पाहुणे जाईपर्यंत देवाचा धावा करायचा.

“जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतले तुम्ही!” मेहुणे चिडून म्हणतात. मुळीच नाही. जुन्यातही भिकार काम पुष्कळ होतं. ते मोडलं, चुलीत गेलं, म्हणून आज दिसत नाही. पण काही हिशेब फार जुने असूनही बरोबर असतात. जर्मनीत लाइपझिगजवळ ओकच्या लाकडाने आतून बांधलेल्या विहिरी सापडल्या. अभ्यासकांनी त्यांचं वय 2012 साली प्रसिद्ध केलं ते सुमारे सात हजार वर्षं. त्यात कुसू आहे, भोक आहे, आणि पाचरही आहे. तेव्हा धातूची करवत नव्हती. दगडाच्या वाकसाने हे केलं. इजिप्तच्या तुतनखामेनची कबर 1922 साली उघडली, तीत सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या खुर्च्या निघाल्या, त्याच सांध्यांच्या. लांब कशाला, आपल्याच पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या चैत्यगृहात जा आणि मान वर करा. दगडी छताला आतून लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. मात्र पुरावा देताना प्रामाणिक राहावं. त्या कमानींवर छताचा भार नाही, छत डोंगराचंच आहे. काहीही भार न उचलता दोन हजार वर्षं वरच्या जागेवर टिकून राहिलेलं लाकूड पाहिलं की मला आमच्या हेड ऑफिसची आठवण येते.

भार उचलणारं उदाहरण हवं तर बैलगाडीचं चाक घ्या. तुंब्यात आरे कुसू करून बसवलेले, त्यांची बाहेरची टोकं परिघाच्या तुकड्यांत शिरवलेली, गोंदाचा थेंब नाही. वर लोखंडी धाव तापवून लालबुंद चढवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळे सांधे एका दमात घट्ट होतात. असल्या चाकावर टनभर ऊस घेऊन गाडी खड्ड्यातून गेली. आमच्या मेहुण्यांच्या टेबलावर पाच माणसांची आमटी राहत नाही.

आता थोडं गंभीर बोलतो. सांध्याचा हा वाद नुसत्या लाकडाचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. बलुतेदारीत सुतार थोरल्या ओळीतला. नांगर, गाडा, घराच्या तुळया, पाळणा आणि पलंग, सगळं त्याच्या हातचं. आज तात्यांच्या पडवीत काय चालतं? तयार दारांना बिजागऱ्या, तयार कपाटांना कुलपं, आणि दुकानातून आणलेल्या पलंगांची मलमपट्टी. त्यांचा मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. कुसू काढायला शिकला होता. आता कारखान्यात खोकी मोजतो. मला त्याचं वाईट वाटतं असं म्हणालो तर तोच म्हणाला, “काका, पगार एक तारखेला होतो.” याला माझ्याकडे उत्तर नाही. पगाराची तारीख सांभाळण्यात माझीही उमर गेली.

सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा कारागिरीत सुतार आहे. अवजारांना 15 हजार, पाच टक्क्यांनी आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख. योजना चांगली आहे, तिचे कागद आमच्याच काउंटरवरून जातात. पण तात्यांनी विचारलं ते कुठल्याच अर्जात नाही. “साहेब, रंधा घेतो. रंध्याखाली घालायला गिऱ्हाईक कोण देणार?”

गिऱ्हाईक द्यायचं आपण, मध्यमवर्गीयांनी! आणि आपण काय करतो? तात्यांशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, “मिस्त्री, फार सांगता हो!” आणि वातानुकूलित दुकानात शिरलो की छापील किंमत बघून मान डोलावतो, वर छत्तीस हप्ते घेतो. मुलीच्या लग्नात द्यायचा म्हणून कर्ज काढून चकचकीत पलंग घेणारे बाप मी काउंटरपलीकडून पाहतो. पोरीचा संसार उभा राहायच्या आत पलंग बसतो. हप्ते मात्र बापाच्या नावावर उभे!

माझ्या कॉमर्सचा एकच उपयोग इथे सांगतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात फर्निचरचं सर्वसाधारण आयुष्य दहा वर्षं धरलं आहे. शाळा आणि हॉटेलातल्या फर्निचरचं आठ, कारण तिथे मुलं आणि गिऱ्हाइकं असतात. म्हणजे कायद्याचीही किमान अपेक्षा काही आहे! बी.कॉम.ला घटत्या शिलकेच्या घसाऱ्याचं गणित असे. दहा हजारांची खुर्ची, दरसाल दहा टक्के घसारा, दहा वर्षांनी शिल्लक 3,487 रुपये. वहीत ती कधीच शून्य होत नाही. कुसवाची खुर्ची हे गणित इमानाने पाळते. भुशाची खुर्ची दुसऱ्या पावसाळ्यात शून्यावर येते आणि पुढचे हप्ते आपण आठवणींचे भरतो.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याच्या टायकडे बघू नका. खुर्ची उलटी करा. पायाला पट्टी कुठे भेटते ते बघा, आणि विचारा, आत काय आहे? “स्क्रू” म्हणाला तर विचारा, कशात? “वुड” म्हणाला तर विचारा, कुठल्या झाडाचं? झाडाचं नाव सांगता आलं नाही तर ते झाडच नव्हे. मग दोन्ही हातांनी धरून कर्णावर हलवा. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करा म्हणतात, ते उगीच नाही. विक्रेता म्हणेल, “साहेब, असं हलवू नका.” त्याच क्षणी उत्तर मिळालं असं समजा, आणि घराजवळच्या सुताराकडे जा.

तो दोन महिने लावील, तीनदा वायदा चुकवील, दिवाळीचं काम संक्रांतीला देईल, आणि वर चहा मागेल. त्याबद्दल त्याच्याशी भांडा, मीही भांडतो. पण त्याने केलेल्या खुर्चीवर बसून भांडा. मागे रेलून भांडता येतं.